कदर, चर्मकील आणि घट्टा : तळपायाच्या विकारांत घरगुती उपचार कोठवर?

"पायाला कुरूप झाले आहे, लावायला काहीतरी द्या" ही मागणी वैद्याच्या चिकित्सालयापेक्षा औषधी विक्रेत्याच्या दुकानात अधिक वेळा ऐकू येते. मागणारा पादत्राण काढीत नाही आणि देणाराही ते काढावयास सांगत नाही. कॉर्न कॅप, एखादे तेल अथवा क्षाराची बाटली हाती पडते व व्यवहार संपतो. विकार किरकोळ मानला गेल्यामुळे त्याचे निदान करण्याची आवश्यकता कोणासच वाटत नाही. वस्तुतः लोक ज्यांना सरसकट 'कुरूप' किंवा 'चामखीळ' म्हणतात ते तीन भिन्न विकार आहेत, त्यांची कारणे भिन्न आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्यास दिल्यास कधी नुसता कालापव्यय होतो, तर कधी पाय गमावण्याची वेळ येते. प्रस्तुत लेखात आम्ही या तिन्हींचा भेद, घरी करण्याजोगे उपचार आणि जेथे घरगुती उपचार थांबलेच पाहिजेत ती सीमारेषा यांचा विचार करणार आहोत.

संहितांतील भेद

सुश्रुताचार्यांनी कदराचे वर्णन निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात, क्षुद्ररोगांत केले आहे. खडे रुतल्याने वा काटा इत्यादींनी पायास क्षत झाल्याने उत्पन्न होणारा, खिळ्याप्रमाणे कठीण, बोराएवढा, वेदनायुक्त ग्रंथी असे त्याचे स्वरूप आहे. येथे अभिघात हा हेतू स्पष्ट सांगितला आहे, हे लक्षात ठेवावे. चर्मकील मात्र त्यांनी क्षुद्ररोगांत न घालता अर्शाच्या अध्यायात, निदानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात घेतला. व्यानवायू कफाचा आश्रय घेऊन त्वचेवर बाहेरच्या बाजूस कीलासारखे अंकुर उत्पन्न करतो, अशी त्याची संप्राप्ती आहे. मशक पुन्हा क्षुद्ररोगांत येतो. तो उडदासारखा, काळसर, स्थिर व वेदनारहित असतो.

ही मांडणी केवळ वर्गीकरणाच्या सोयीसाठी नाही. कदर हा बाहेरून पडणाऱ्या दाबाचा परिणाम आहे, तर चर्मकील हा अंकुर आहे. आजच्या ज्ञानाशी हे जुळते. कदर म्हणजे सततच्या दाबाने व घर्षणाने घट्ट झालेल्या त्वचेचा आत वळलेला शंकू होय, तर चामखीळ मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होते व ती संसर्गजन्य आहे. घट्टा हा तिसरा प्रकार. त्यात शंकू नसतो, त्वचेचा थर पसरट जाड होतो. मांडी घालून बसणाऱ्यांच्या घोट्यावर, अनवाणी काम करणाऱ्यांच्या टाचेवर व बोटांच्या मुळाशी तो दिसतो. पुष्कळदा तो रोग नसून शरीराने केलेली तजवीज असते. वेदना नसलेला घट्टा उगाच खरवडून काढू नये, असे आमचे मत आहे.

निदान कसे करावे

यासाठी उपकरण फारसे लागत नाही. उजेड, भिंग आणि बोटे पुरेशी आहेत. प्रथम त्वचेवरील रेषा पाहाव्यात. घट्ट्यामध्ये त्या अखंड राहतात, चामखिळीपाशी तुटून तिच्या कडेने वळतात. नंतर दाबून पाहावे. सरळ वरून दाबल्यास कदर अधिक दुखतो, दोन बाजूंनी चिमटीत धरल्यास चामखीळ अधिक दुखते. संशय राहिल्यास वैद्याने वरचा मृत थर हलकेच तासावा. कदरात मध्यभागी काचेसारखा अर्धपारदर्शक कण दिसतो, तर चामखिळीत काळे टिपके दिसतात व टाचणीच्या टोकाएवढे रक्तबिंदू येतात. हे काळे टिपके म्हणजे गोठलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या होत. लोक त्यांना 'मुळे' समजून सुईने उपटू पाहतात आणि विषाणू शेजारच्या त्वचेत पेरतात.

एका स्थानी फसगत हमखास होते. चौथ्या व पाचव्या बोटाच्या बेचक्यातील मऊ कदर घामाने भिजून पांढरा पडतो व त्यास चिखल्या समजून महिनोन्महिने मलमे लावली जातात. बेचक्यात एकाच ठिकाणी, हाडाच्या उंचवट्यासमोर दुखणारा ठिपका असेल तर तो चिखल्यांचा विकार नव्हे.

तळपायावरील काळा अथवा अनेक रंगांचा, पसरणारा, रक्त येणारा डाग हा या तिन्हींपैकी काहीही नसून त्वचेचा घातक अर्बुद असू शकतो. त्यास क्षार, अग्नी, शस्त्र काहीही लावू नये. रुग्णास तत्काळ त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

औषधापूर्वीचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. दुकानात कॉर्न कॅप मागणाऱ्या प्रौढांत मधुमेही असण्याची शक्यता म्हणूनच लहान नाही, आणि पायाची संवेदना गेलेल्या मधुमेह्यालाच कुरुपे व घट्टे अधिक होतात. कारण रुतणारे पादत्राण त्याला रुतल्याचे कळत नाही. चरकाचार्यांनी हातापायांची सुप्तता व दाह प्रमेहाच्या पूर्वरूपांत सांगितला आहे. हे पूर्वरूप आपण परीक्षेपुरते पाठ करतो, पण गल्ल्यावर उभे असताना ते आठवत नाही.

सुप्त पायावर कॉर्न कॅप लावली म्हणजे काय होते? त्या पट्टीत सामान्यतः ४० टक्के सॅलिसिलिक आम्ल असते. ते कदर व निरोगी त्वचा यांत भेद करीत नाही. निरोगी मनुष्याला आग होते व तो पट्टी काढून टाकतो. सुप्त पायाच्या रुग्णाला काहीच कळत नाही. पट्टीखाली व्रण होतो, त्यात पू होतो, आणि रुग्ण येतो तेव्हा मोजा ओला झाला म्हणून येतो. दुखत नव्हते, असे तो कौतुकाने सांगतो. त्या न दुखण्यातच सर्व अनर्थ आहे. अशा व्रणाचा शेवट बोट वा पाय कापण्यात झालेला वैद्यवर्गास नवा नाही.

संवेदना तपासण्याची एक सोपी रीत २०११ मध्ये इंग्लंडमधील इप्सविच येथील चिकित्सकांनी प्रसिद्ध केली. रुग्णास डोळे मिटावयास सांगावे. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये. सहापैकी दोन वा अधिक स्पर्श कळले नाहीत तर संवेदना कमी झाली आहे असे समजावे. यास एक मिनिट पुरते. औषधी विक्रेत्याला हे करणे अवघड वाटल्यास त्याने निदान "साखर आहे का? पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे का?" एवढे विचारावेच. उत्तर होकारार्थी असेल तर दाहक द्रव्य विकू नये. कुष्ठरोगामुळे संवेदना गेलेल्यांना आणि पायाचा रक्तपुरवठा मंदावलेल्यांना, म्हणजे पाय थंड पडणाऱ्या, चालताना पोटऱ्यांत गोळे येणाऱ्या, विशेषतः तंबाखू व धूम्रपानाचे व्यसन असणाऱ्यांना हाच नियम लागू आहे. अशा रुग्णाने घरी ब्लेड, वज्री, गरम पाण्याचा शेक यांपैकी काहीही करू नये. त्याचा घट्टा वैद्याने वा शल्यतज्ज्ञानेच तासावा आणि त्याला मायक्रो सेल्युलर रबराचे, म्हणजे 'एम. सी. आर.' तळाचे पादत्राण सुचवावे.

घट्टा व कदर यांचे गृहोपचार

संवेदना शाबूत असलेल्या रुग्णास घरी पुष्कळ करता येते. रात्री १०-१५ मिनिटे कोमट पाण्यात पाय बुडवावेत, पुसून वज्रीने अथवा झामदगडाने एकाच दिशेने हलके घासावे व तीळतेल वा तूप जिरवावे. एका बैठकीत सर्व काढण्याचा हट्ट नसावा. आठवड्यातून दोन-तीन वेळा थोडे थोडे काढावे. काशाच्या वाटीने तूप चोळण्याची आपली घरगुती चाल येथे उपयोगी पडते. त्यामागील उष्णता ओढून घेण्याची कल्पना बाजूस ठेवली तरी स्नेहन व मर्दन यांमुळे कठीण त्वचा मऊ होते, एवढे निश्चित. ब्लेडने कापणे व रस्त्यावर बसून 'कुरूप काढून' देणाऱ्यांकडे जाणे, दोन्ही वर्ज्य.

तथापि हा उपचाराचा अर्धाच भाग झाला. निदानपरिवर्जन केल्याविना कदर परत येतोच. रुग्णाची चप्पल उलटी करून पाहावी. तळ कोठे झिजला आहे यावरून दाब कोठे पडतो ते कळते. निमुळत्या टोकाचा बूट, अंगठ्यापाशी रुतणारा पट्टा, पातळ कडक तळ यांपैकी काही ना काही सापडते. कदराभोवती नमद्याचे कडे चिकटवावे, मधोमध भोक ठेवून. दाब कडेवर जातो व कदराला विसावा मिळतो. बेचक्यातील मऊ कदरासाठी बोटांमध्ये कोरड्या कापसाचा वा लोकरीचा बोळा पुरतो.

एवढ्याने न जाणाऱ्या कदरास सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात उत्कर्तन करून तप्त स्नेहाने दहन सांगितले आहे. हे काम चिकित्सालयातले आहे, घरचे नव्हे. व्यवहारात पंचधातूच्या शलाकेने बिंदुदहन करण्याचा प्रघात आहे व दहनानंतर मधुघृताचा लेप करावा. अग्नीने दग्ध केलेले रोग पुन्हा उद्भवत नाहीत, हे सूत्रस्थानातील वचन कदरापुरते सांगताना रुग्णास पादत्राण बदलण्याची अट घालावी. जुनीच चप्पल घालून फिरणाऱ्याचा कदर परत आला तर तो दोष अग्निकर्माचा नव्हे.

चामखिळीच्या बाबतीत

येथे पहिला उपचार धीर हा आहे. मुलांतील चामखिळींपैकी सुमारे दोनतृतीयांश दोन वर्षांत आपोआप नाहीशा होतात, असे १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. या आपोआप जाण्यावर आजवर किती तोडगे व किती तेले प्रतिष्ठा पावली असतील, याचा हिशेब न केलेला बरा! प्रौढांत व तळपायावर त्या अधिक चिवट असतात. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये २४० रुग्णांवर सॅलिसिलिक आम्ल आणि शीतदहन यांची तुलना झाली. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत साधारण १४ टक्के रुग्णांच्याच चामखिळी पूर्ण गेल्या होत्या. कोणत्याही पद्धतीच्या चिकित्सकाने आठ दिवसांत गुण येण्याची हमी देऊ नये, एवढा बोध यातून घ्यावा.

घरी उपचार करावयाचाच तर पाय भिजवून, वरचा थर घासून, भोवतालच्या त्वचेस व्हॅसलिन लावून सॅलिसिलिक आम्लाचे द्रावण फक्त चामखिळीवर रोज लावावे व हा क्रम बारा आठवड्यांपर्यंत चालवावा. दुखू लागल्यास काही दिवस थांबावे. चामखिळीसाठी वापरलेली वज्री वा दगड अन्यत्र वापरू नये, घरात इतरांस देऊ नये. कासीसादि तेल मूळचे अर्शाचे. चर्मकील अर्शाच्या अध्यायात असल्याने त्याचा येथील वापर तर्कसंगत आहे, पण तेही क्षारकर्म करणारे आहे याचे भान ठेवावे. प्रतिसारणीय क्षार वैद्यानेच लावावा आणि त्यानंतर अम्ल द्रवाने धुण्याचा सुश्रुतोक्त विधी चुकवू नये.

दाहक घरगुती द्रव्ये

आपल्या प्रांतात तीन द्रव्यांची विचारणा विशेष होते. पहिले चुना व धुण्याचा सोडा यांचे मिश्रण. ओलसर अवस्थेत या दोहोंपासून दाहक सोडा तयार होतो. क्षारपाकविधीत वनस्पतींच्या राखेच्या निवळीत भाजलेली शिंपले व शंख घालण्याचे तत्त्व हेच आहे. परंतु तेथे मृदू, मध्यम व तीक्ष्ण असे भेद आहेत, पात्र-अपात्र रुग्णाचा विचार आहे, लावून ठेवण्याच्या काळाची मर्यादा आहे. चिमूटभर चुना व चिमूटभर सोडा यांत यांपैकी काहीही नाही. दुसरे रुईचा व निवडुंगाचा चीक. तो त्वचेस दाहक आहेच, शिवाय चीक लागलेले बोट डोळ्यास लागल्यास नेत्राच्या कृष्णमंडलास गंभीर इजा होते. पायाच्या चामखिळीपायी दृष्टी पणास लावणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

तिसरे बिब्बा. काटा मोडलेल्या जागी वा कुरुपावर तापलेल्या बिब्ब्याचा चटका देण्याची चाल ग्रामीण भागात अजून आहे. भल्लातक हे रसायनातील श्रेष्ठ द्रव्य खरे, पण तेथे शोधन, मात्रा व पथ्य आहे. अशुद्ध बिब्ब्याचे तेल कित्येकांच्या त्वचेस सोसत नाही. बिब्बा उततो, अंग सुजते, फोड येतात, आणि कधी लावणाऱ्याचेच तोंड सुजते. भल्लातक, अर्क व स्नुही ही तिन्ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई(१) मधील विषद्रव्यांच्या यादीत आहेत, हे औषधी विक्रेत्यांनी ध्यानात ठेवावे. कच्चा बिब्बा मागणाऱ्यास तो कशासाठी हवा हे विचारल्याशिवाय देऊ नये. बिब्बा उतलेला रुग्ण आल्यास ती जागा सौम्य साबणाने व थंड पाण्याने धुवावी, खोबरेल अथवा तीळ व लोणी यांचा लेप द्यावा, ऊन व शेक वर्ज्य करावेत. चेहरा सुजला, श्वास लागला किंवा फोड सर्वांगावर पसरले तर लेप करीत न बसता रुग्णास रुग्णालयात न्यावे.