सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी : मग पुढे?

हर्निया, हायड्रोसील, गाठ यांची ऑपरेशनं आता बऱ्याचदा एका दिवसात उरकतात. पण जखम पिकते ती बहुधा काही दिवसांनी, म्हणजे घरीच.

म्हणून सुट्टी होतानाच वॉर्डात विचारा: फोटो कोणत्या नंबरवर पाठवायचा? ड्रेसिंग बदलताना उजेडात, दरवेळी सारख्याच अंतरावरून फोटो काढा. तो वस्तीच्या ग्रुपवर टाकू नका. आपल्या सावळ्या कातडीवरची लाली फोटोत नीट दिसत नाही. भोवतालची जागा गरम, टणक लागते का, पू, वास, १००.४ च्या वर ताप आहे का, हे शब्दांत कळवा. सरकारी ई-संजीवनी ॲपवरही डॉक्टर मोफत सल्ला देतात.

रक्त थांबेना, लघवी अडली, धाप लागली, तर मेसेजच्या उत्तराची वाट पाहू नका. १०८ लावा, घाटी गाठा.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांचा फोटो विहारातल्या एखाद्या मुलीने त्यांना विचारून पाठवावा, मग आपल्या फोनमधून पुसावा.