न बघता यंत्र ताळ्यावर आणता येतं का?

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी.ला गणित शिकते. परवा जेवताना म्हणाली, एखादं यंत्र सध्या कुठल्या स्थितीत आहे याचा पत्ता नसला, तरी ठरावीक क्रमानं बटणं दाबून ते हमखास एकाच स्थितीत आणता येतं. मला हे पटलं नाही. शिवाय यात ग्रुप आणि सेमिग्रुप येतात म्हणे. ते कुठून आले?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : मुलीचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ‘हमखास’ हा शब्द तिनं जरा सैल सोडला. काही यंत्रांना हे जमतं, काहींना जन्मात जमत नाही.

पंख्याचा रेग्युलेटर घ्या. शून्य ते पाच, दोन्ही टोकांना अडणारा. अंधारात तो कितीवर आहे हे दिसत नाही. डावीकडे पाच खटके फिरवा. कुठेही असला तरी आता तो शून्यावर आहे. याउलट एकाच बटणाचा टॉर्च घ्या. दाबलं की प्रखर, मग मंद, मग लुकलुक, मग बंद आणि पुन्हा प्रखर. हा टॉर्च जाड कापडात गुंडाळलेला असेल, तर बटण शंभर वेळा दाबूनही तुम्ही होता तिथेच. आधी चार शक्यता होत्या, नंतरही चारच.

सगळी मेख इथे आहे. रेग्युलेटर डावीकडे फिरवला की शून्यावरचा शून्यावरच अडतो आणि एकवरचाही शून्यावर येतो, म्हणजे दोन शक्यतांची एक झाली. टॉर्चचं बटण स्थितींची नुसती अदलाबदल करतं, त्यामुळे ते उलटवता येतं. यंत्राची सगळी बटणं अशी उलटवता येणारी असली, तर ती एकामागून एक दाबून होणाऱ्या क्रियांचा ग्रुप बनतो. ग्रुपमध्ये प्रत्येक क्रियेला तोड असते, केलेलं सगळं परत फिरवता येतं. म्हणूनच आधीच्या स्थितीची खूण त्यातून कधीच पुसली जात नाही. एखाद्या बटणानं दोन स्थिती एकत्र केल्या की ती क्रिया परत फिरत नाही, आणि मग हाती उरतो तो सेमिग्रुप. त्या सेमिग्रुपमध्ये ‘कुठूनही निघा, पोचाल इथेच’ अशी एक क्रिया असली, तर ते यंत्र सिंक्रोनायझिंग. प्रश्न खुणा पुसण्याचा आहे, आणि एवढ्यासाठी गणितात एक आख्खी शाखा उभी आहे.

तिला चालना दिली स्लोव्हाक गणिती यान चेर्नी यांनी, १९६४ मध्ये. त्यांच्या डोक्यात होता चंद्राभोवती फिरणारा उपग्रह : तो चंद्रामागे गेला की संपर्क तुटतो, आणि परत दिसेल तेव्हा त्याची यंत्रणा कुठल्या स्थितीत असेल हे कोणी सांगावं? (चंद्राच्या कक्षेत पहिलं यान, लूना-१०, पोचलं ते १९६६ मध्ये. गणिती लोक घोड्याआधी लगाम तयार ठेवतात.)

चेर्नींचं यंत्र चार स्थितींवर पाहू : ०, १, २, ३. बटण ‘अ’ सगळ्यांना एक घर पुढे नेतं, ३ वरून ०. बटण ‘ब’ फक्त ० ला १ वर ढकलतं, बाकीच्यांना हात लावत नाही. आता क्रम दाबा : ब अअअ ब अअअ ब. सुरुवातीला चारही शक्यता. पहिल्या ब नंतर १, २, ३ उरल्या. तीनदा अ म्हणजे एक घर मागे : ०, १, २. पुन्हा ब : १, २. पुन्हा तीनदा अ : ०, १. शेवटचा ब, आणि उरला फक्त १. एकूण नऊ वेळा बटण दाबलं, आणि या यंत्राला याहून आखूड क्रम नाही. चारातून एक गेला की तीन, तिनाचा वर्ग नऊ.

चेर्नींची अटकळ अशी की n स्थितींच्या कुठल्याही सिंक्रोनायझिंग यंत्राला (n−१)² पेक्षा लांब क्रम लागणार नाही. ऐकायला किती साधी! अजून ती ना कोणी सिद्ध केली, ना खोटी पाडली. यंत्र सिंक्रोनायझिंग आहे की नाही हे तपासणं सोपं आहे : स्थितींची प्रत्येक जोडी कुठल्या ना कुठल्या क्रमानं एकत्र येते का, एवढंच बघायचं. सर्वांत आखूड क्रम काढणं मात्र कॉम्प्युटरलाही घाम फोडणारं, हे डेव्हिड एप्स्टाइन यांनी १९९० मध्ये दाखवलं. आणि वरची मर्यादा? फ्रँकल आणि पँ या दोघांच्या कामातून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला (n³−n)/६ मिळाली. शंभर स्थितींसाठी अटकळ म्हणते ९,८०१, सिद्ध झालेला आकडा १,६६,६५०. पस्तीस वर्षं तो आकडा जागचा हलला नाही. मग २०१८ मध्ये मारेक शिकुवा यांनी तो किंचित खाली आणला आणि पुढच्याच वर्षी यारोस्लाव शितोव यांनी आणखी थोडा, n³ चा गुणक ०.१६६६ वरून सुमारे ०.१६५४ पर्यंत. तिसऱ्या दशांश स्थळावरची ही लढाई बाहेरच्याला हास्यास्पद वाटेल. मला ती या विषयातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते.

आता ग्रुपकडे परत. नुसता ग्रुप काही पुसत नाही हे झालं, पण एक बिघाड करणारं बटण त्याच्या जोडीला दिलं तर? इथे ग्रुपची जात कळते. वरच्याच यंत्रात एक बारीक बदल करा : ब आता ० ला १ वर न नेता २ वर नेतो. तेवढ्यानं यंत्र कायमचं अडतं. सम आणि विषम असे दोन कळप पडतात. अ त्यांची जागा बदलतो, ब प्रत्येकाला आपापल्या कळपातच ठेवतो, आणि समाची विषमाशी गाठ कधीच पडत नाही. चाराचं चक्र असं कळपांत विभागता येतं, पाचाचं येत नाही, कारण ५ मूळसंख्या आहे. पाच स्थितींचं चक्र असेल, तर ब नं वाटेल ती मोडतोड करावी, निदान दोन स्थिती एकत्र केल्या की पुरे, यंत्र ताळ्यावर येतंच.

ज्या ग्रुपला स्थितींचे असे कळप पाडता येत नाहीत त्याला प्रिमिटिव्ह म्हणतात. मग प्रिमिटिव्ह असणं पुरेसं आहे का? एकाच जोडीला एकत्र करणाऱ्या बटणापुरतं, हो. रिस्त्सोव यांनी १९९० च्या दशकात ते सिद्ध केलं. वाटेल त्या बटणापुढे मात्र नाही. ३×३ चा चौकोन काढा, नऊ घरं. ओळी आपापसांत बदला, स्तंभ बदला, ओळींचे स्तंभ करा : हा ग्रुप प्रिमिटिव्ह आहे. आता घरांत १, २, ३ असे भरा की कुठल्याही ओळीत किंवा स्तंभात आकडा दोनदा येणार नाही. ब चं काम एवढंच : आकडा १ असलेलं घर वरच्या ओळीच्या पहिल्या घरात, २ चं दुसऱ्यात, ३ चं तिसऱ्यात न्यायचं. नवाची तीन घरं झाली, आणि गाडी तिथेच थांबते. एका ओळीतल्या तीन घरांचे आकडे वेगळे, म्हणून ती तीन वेगळ्याच घरांत जातात, पुन्हा एकाच ओळीत. ग्रुपनं कितीही फिरवलं तरी ती एका ओळीत किंवा एका स्तंभातच राहतात, आणि ब त्यांना परत वेगळंच ठेवतो.

इथे ब नवाचे तीन सारखे वाटे करतो, प्रत्येकात तीन घरं. म्हणून अपेक्षा अशी होती की वाटे असमान असले, तर प्रिमिटिव्ह ग्रुप यंत्राला ताळ्यावर आणूनच सोडेल. पीटर कॅमरन, जुआंव अराऊजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ही अपेक्षाही मोडीत काढली. त्यांचा अपवाद ४५ स्थितींवरचा आहे, आणि त्याहून कमी स्थितींत तो सापडत नाही.