अंतरपाट आणि तीन कॅमेरे

अंतरपाट एकदाच दूर होतो. 'पुन्हा धरा' असे गुरुजींना सांगता येत नाही. म्हणून आम्ही सांगतो, मंगलाष्टकांपूर्वीच तिन्ही कॅमेरे चालू करावेत आणि मध्येच थांबवू नयेत. एक वधूवर, एक वरावर, तिसरा मंडपावर. दोघांना जोडणारी रेषा मनात आखून तिन्ही कॅमेरे तिच्या एकाच बाजूस ठेवावेत, अन्यथा संपादनानंतर समोरासमोर उभे असलेले वधू-वर एकाच दिशेला पाहताना दिसतात! (आणि अक्षता टाकणाऱ्या आजींच्या आड कोणी उभे राहू नये.) सुरुवातीस एक मोठी टाळी वाजवावी, संगणकावर त्या आवाजावरून तिन्ही चित्रणे जुळवता येतात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे शटर 1/50 ठेवल्यास दिवे लुकलुकत नाहीत. गिंबल हाताचा कंप सावरतो, पावलांचा हेलकावा नव्हे. त्यासाठी गुडघे किंचित वाकवून चालावे.