फोटोवरून स्वभाव कळतो का?

प्रश्न : मुलीसाठी आलेल्या स्थळांचे फोटो पाहताच आमच्याकडे ‘हा सालस’, ‘हा आतल्या गाठीचा’ असा निवाडा होतो. त्यात तथ्य असते का?
– एक वाचक, गोरखपूर, जबलपूर

उत्तर : फारच थोडे. निवाडा मात्र झटपट होतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील विलिस आणि तोदोरोव यांनी २००६ मध्ये दाखवले, की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी विश्वासार्हतेबद्दल मत बनते. जास्त वेळ दिल्यास ते फारसे बदलत नाही, खात्री तेवढी वाढते. ओठांचे कोपरे मुळातच किंचित वर वळलेले असतील तर माणूस भला वाटतो, भुवया खाली उतरलेल्या असतील तर रागीट. चेहऱ्याच्या ठेवणीलाच आपण स्वभाव समजतो.

‘पण घरात सगळ्यांचे एकमत होते ना?’ होते खरे. पण सगळे मिळून चुकूही शकतात. त्याच मुलाचा दुसरा फोटो पाहिला की मत पालटू शकते. तुमच्याच मुलखातले एक उदाहरण पाहा. १८३०च्या दशकात सागरला फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या एडिंबरोला पाठवल्या गेल्या आणि कवटीच्या ठेवणीवरून स्वभाव सांगणाऱ्या तिथल्या मस्तकतज्ज्ञांनी त्यांत गुन्हेगारी वृत्ती शोधली. गुन्हा त्यांना आधीच ठाऊक होता! ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याच्या नोंदी मात्र सांगतात, की ठग वाटसरूंचा विश्वास संपादन करूनच त्यांच्या सोबतीने चालत. म्हणून फोटोवरून होकार-नकार देऊ नका. मुलीला त्या मुलाशी चार वेळा निवांत बोलू द्या आणि त्याच्या सहकाऱ्यांकडे चौकशी करा.