‘बरवें’, ‘निकें’, ‘नीट’ : प्रशंसावाचक क्रियाविशेषणांचा विचार



क्रिया कशी घडली हे सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण, ही व्याख्या शाळेत सर्वांनीच पाठ केलेली असते. प्रस्तुत पाठात त्यांपैकी एकाच गटाचा, म्हणजे क्रिया उत्तम रीतीने घडली असे सांगून तिची वाखाणणी करणाऱ्या शब्दांचा विचार करावयाचा आहे. विषय व्याकरणाचा असला तरी त्याचे प्रयोजन पोथीशी आहे. कल्याणच्या अभ्यासवर्गात येणारी तरुण मंडळी लीळा वाचताना ‘बरवें’, ‘निकें’, ‘भलें’ या शब्दांवरून झरझर पुढे जातात. अर्थ विचारला तर ‘ठीक’ असे उत्तर येते. जेथे मूळ वाक्यात पूर्ण संतोष व्यक्त झाला आहे तेथे वाचकाला अर्धामुर्धा होकारच ऐकू आला, तर ती लीळा त्याला कळली असे म्हणता येणार नाही.

आजच्या मराठीत ‘चांगला’ हा शब्द क्रियाविशेषण म्हणून वापरला तरी लिंगवचनाप्रमाणे बदलतो. ‘तो चांगला वाचतो’, ‘ती चांगली वाचते’. म्हणून व्याकरणकार अशा शब्दास क्रियाविशेषण म्हणतात, पण अव्यय म्हणत नाहीत. यातून एक संदिग्धता उद्भवते. ‘त्याने पोथी चांगली वाचली’ या वाक्यात वाचन चांगले झाले की पोथी चांगली होती? ‘चांगली’ हे रूप पोथीचे लिंग धारण करून बसले आहे. प्रशंसा कोठे जाते ते प्रसंगावरूनच ठरवावे लागते. ‘पोथी नीट वाचली’ म्हटले की संशय उरत नाही, कारण ‘नीट’ कोणाचेही लिंग घेत नाही, ते क्रियेलाच चिकटते. मात्र ‘नीट’ हा शब्द बहुधा क्रियेच्या आधी उच्चारला जातो, ‘नीट वाच’, ‘नीट बस’. त्यात स्तुतीपेक्षा धाकच अधिक. क्रिया संपल्यावर आपण म्हणतो, ‘छान वाचलेस’.

आता मुख्य शब्द, ‘बरें’ आणि त्याचे भावंड ‘बरवें’. जुन्या मराठीत ‘बरवा’ म्हणजे सुंदर, उत्तम. ‘बरविया परी’ म्हणजे उत्तम रीतीने. यातील ‘परी’ अद्याप ‘आपापल्या परीने’ या प्रयोगात जिवंत आहे. ‘बरवा’ मात्र बोलण्यातून गेला, आणि ‘बरा’ राहिला तो उतरत्या किमतीने. आजारी मनुष्य ‘बरा’ होतो, म्हणजे पूर्ववत् होतो. स्वयंपाक ‘बरा’ झाला म्हटले तर करणारीचा चेहरा उतरतो. ‘बऱ्यापैकी’ म्हणजे मध्यम. ‘बरी जिरली’ यात तर उघड कुत्सितपणा आहे. एवढी घसरण झालेला शब्द मनात घेऊन आपण तेराव्या शतकातील वाक्य वाचतो, आणि तेथेच चुकतो.

परंतु ही घसरण सर्वत्र झालेली नाही. गोव्यात आभार मानताना ‘देव बरें करूं’ असे म्हणतात. तेथे ‘बरें’ म्हणजे ‘जेमतेम’ नव्हे, पूर्ण अर्थाने चांगले. कल्याण-डोंबिवलीत एकाच मजल्यावर कोकणातील, खानदेशातील आणि वऱ्हाडातील कुटुंबे राहतात. कोकणी बोलणारा शेजारी ‘बरें’ म्हणतो तेव्हा तो खरोखर प्रसन्न असतो, हे पुणेरी वळणाच्या मराठीला सवकलेल्या माणसास उशिरा कळते. तसेच वऱ्हाडी माणसाचे ‘साजरं’. प्रमाण मराठीत सण साजरा होतो. वऱ्हाडात माणूस, काम, बोलणे सर्वच साजरे असू शकते. रिद्धपूर त्याच भूमीत आहे, म्हणून वऱ्हाडी वृद्धांच्या बोलण्याकडे पोथीच्या अभ्यासकाने कान द्यावा. छापील कोशात न सापडणारा सूर तेथे सापडतो.

‘निकें’ हा शब्द व्युत्पत्तिकार संस्कृत ‘निक्त’, म्हणजे धुतलेले, याच्याशी जोडतात. ‘चोख’ हा ‘चोक्ष’, म्हणजे शुद्ध, यापासून आला. दोन्हींत मळ काढून टाकल्याची कल्पना आहे. ‘निकें केलें’ म्हणजे त्या करणीत उणे राहिले नाही. याउलट ‘शाबास’, ‘मस्त’, ‘खासा’ हे फारसी-अरबीतून आलेले शब्द आहेत. ‘मस्त’चा मूळ अर्थ धुंद, ‘शाबास’चा ‘आनंदी राहा’. म्हाइंभटांनी लीळाचरित्र संकलित केले ते इ.स. 1278 च्या सुमारास. देवगिरीवर अल्लाउद्दीनाची स्वारी झाली 1296 मध्ये. तेव्हा लीळेतील प्रशंसेचा अर्थ सांगताना ‘मस्त केले’ असे म्हणणे अर्थाने जवळचे वाटले तरी चवीने दूरचे आहे.

संस्कृतात ‘सुष्ठु’ व ‘साधु’ ही याच कामाची पदे होत. ‘सु’ या उपसर्गाची गंमत पाहावी. ‘सुकर’ म्हणजे करण्यास सोपे, पण ‘सुकृत’ म्हणजे चांगले केलेले, आणि तेच पुढे पुण्य या अर्थी रूढ झाले. चांगले करणाऱ्यास गीतेच्या 6 व्या अध्यायात ‘कल्याणकृत्’ म्हटले आहे. ‘कल्याण’ हे मुळात सुंदर, शुभ या अर्थाचे विशेषण. कान्हेरीच्या लेण्यांतील प्राकृत शिलालेखांत आपल्या नगरीतील दात्यांचे उल्लेख आहेत, म्हणजे हा प्रशंसेचा शब्द गावाचे नाव म्हणून सुमारे दोन सहस्र वर्षे चालत आला आहे. लोकलच्या गर्दीत फलाटावरील पाटी वाचताना हे कोणाच्या ध्यानी येत नाही, त्यात नवल नाही.

आता पोथीकडे. ‘बरवें केलें’ अशा धाटणीचे वाक्य आले की दोन अर्थ संभवतात : ‘चांगल्या रीतीने केले’ आणि ‘केले ते चांगले झाले’. पहिल्यात कौशल्याची स्तुती आहे, दुसऱ्यात निर्णयाची. नपुंसकलिंगी ‘-ें’ दोन्हींकडे सारखेच असल्याने रूपावरून निवाडा होत नाही. एखाद्याने झाडलोट केली, भिक्षा आणली, प्रश्नाचे उत्तर दिले आणि त्यावर हा शब्द आला, तर त्याने ते काम कसे केले याचे वर्णन आधी आले आहे का ते पाहावे. तसे वर्णन असेल तर पहिला अर्थ घ्यावा. ते नसेल, आणि करावे की न करावे असा पेच आधी आला असेल, तर दुसरा. माझ्या मते आपल्या निरूपणांत पहिल्या अर्थाकडे कल अधिक दिसतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते. ज्याने योग्य ते निवडले त्याची वाखाणणी मग केवळ हातोटीची वाखाणणी होऊन बसते.

पुढील वर्गास येताना प्रत्येकाने पूर्वार्धातील कोणत्याही 20 लीळा वाचून ‘बरवें’, ‘निकें’, ‘भलें’, ‘गोमटें’ हे शब्द जेथे आढळतील ती स्थळे वहीत उतरून आणावी. प्रत्येकापुढे शब्द कर्त्याला लागतो, कर्माला लागतो की क्रियेला, हे लिहावे. आणि जेथे ठरत नाही तेथे जागा कोरी ठेवावी.