विमानाची वाट आणि घड्याळ

आपल्या इस्लामपूरकडची पोरे आता दूरदूर जातात. कोणी मुंबईला, कोणी लंडनला, कोणी पॅरिसला. घरची माणसे विचारतात, "पोरगं किती वाजता पोचंल?" तिकीट हातात असते. अक्षरेही वाचता येतात. पण वेळेचा हिशेब लागत नाही. तो आज आपण शिकू.

आधी जवळचे पाहू. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली तो सुरू झाला. इस्लामपूरपासून तो सुमारे ५० किलोमीटर आहे. कोल्हापूरहून मुंबईची सडक घाट चढते, वळणे घेते. ती पावणेचारशे किलोमीटर भरते. विमानाला घाट नाही. त्याची सरळ वाट सुमारे ३१० किलोमीटर.

मोठे विमान उंचावर तासाला ८०० किलोमीटरांहून जास्त जाते. मग मुंबईला अर्ध्या तासात का पोचत नाही? तासभर का लागतो? विमान आधी जमिनीवर हळू चालते. मग धावते, मग वर चढते. उतरतानाही हळूहळू खाली येते. मुंबईला विमानांची गर्दी असली, तर पाळी येईपर्यंत वर घिरट्या घालते. लहान विमानाचा वेगही कमी असतो.

शिवाय धावत जाऊन एस.टी. पकडता येते, विमान नाही. सामान देण्याची खिडकी साधारण तासभर आधीच बंद होते. मग पैसे भरलेले असले तरी विमान चुकते. म्हणून देशातल्या प्रवासाला दोन तास आधी पोचावे. परदेशी जायचे तर तीन तास आधी.

आता बेरीज करू :

घर ते विमानतळ – १ तास ३० मिनिटे
तिथे थांबणे – २ तास
विमानात – १ तास
मुंबईला बाहेर पडणे – ३० मिनिटे

एकूण ५ तास. विमान तासाचे, पण प्रवास पाच तासांचा!

आता परदेशाकडे वळू. लंडन ते पॅरिस विमानाची वाट सुमारे ३५० किलोमीटर. वेळ सुमारे सव्वा तास. समजा, विमान लंडनहून १० वाजता निघाले. तिकिटावर पॅरिसला पोचण्याची वेळ दिसेल सव्वाबारा. परत येताना पॅरिसहून १ वाजता निघाले, तर लंडनला सव्वा वाजता! जाताना सव्वादोन तास आणि येताना पाव तास? तसे नाही. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते. तिकिटावर ज्या गावाचे नाव, त्याच गावच्या घड्याळाची वेळ छापतात.

आपल्याकडे सूर्य लंडनच्या आधी उगवतो. म्हणून आपले घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असते. उन्हाळ्यात तिकडचे लोक आपले घड्याळ एक तास पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासांचा राहतो.

तेव्हा दोन्ही वेळा आधी एकाच गावच्या घड्याळात आणाव्यात. मग वजाबाकी करावी.

प्रश्न

१. कोल्हापूरचे विमान सकाळी ११ वाजता आहे. इस्लामपूरहून किती वाजता निघावे?

२. हिवाळ्यात विमान मुंबईहून दुपारी २ वाजता निघाले. लंडनला तिथल्या संध्याकाळी साडेसहाला पोचले. किती तास लागले?

उत्तरे : १. साडेसात वाजता. २. लंडनचे साडेसहा म्हणजे आपले रात्रीचे १२. म्हणून १० तास.