नांदगाव तिठ्यावरून देवगडच्या किनारी: निवृत्त जोडप्यासाठी निवांत दिवस

मुंबई-गोवा महामार्गावरचं, कणकवली तालुक्यातलं नांदगाव समुद्राला लागून नाही. पण देवगड-निपाणी रस्ता महामार्गाला इथंच छेदतो, त्यामुळे किनाऱ्याकडे वळणाऱ्यांचा मुक्काम इथून ठरतो. राहण्याची सोय असलेली गाडी, म्हणजे कॅरॅव्हॅन, घेऊन निघालेल्या साठीपुढच्या जोडप्याला हा रस्ता मानवतो. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून अशा गाड्यांची माहितीही वाढली आहे.

दिवस कोणता निवडावा?

नोकरदारांना रविवार पाहावा लागतो, तुम्ही तिथी पाहा. या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावस्येला पूर्ण भरती साधारण दुपारी येते आणि पुढे रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा. म्हणून द्वितीया-तृतीयेला सकाळी सात-साडेसातच्या सुमारास ओहोटी मिळते आणि तिन्हीसांजेला पुन्हा पाणी मागे हटतं. दोन्ही वेळा ओली, घट्ट, सपाट वाळू चालायला मिळते. गुडघ्यांना ती मऊ वाळूपेक्षा बरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात किनाऱ्यावर मुक्काम नकोच.

रस्ता आणि मुक्काम

कोल्हापूरकडून राधानगरीमार्गे येणाऱ्यांनी फोंडाघाट उजेडी उतरावा, तोही खालच्या गियरमध्ये. मागे ट्रेलर जोडला असेल तर वळणावर जास्त जागा लागते. डिझेल, पिण्याचं पाणी, भाजी आणि औषधं महामार्गावरच भरून घ्या. नांदगावहून शिरगाव, तळेबाजार, जामसंडे करत देवगड गाठता येतं. पुढे तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून कुणकेश्वर जवळ आहे.

गाडी वाळूत कधीही उतरवू नका. चाकं रुतली की भरतीच्या आधी ती निघेलच असं नाही. घरगुती निवासाच्या अंगणात परवानगीने उभी करणं सगळ्यांत सोयीचं: वीज, गोडं पाणी आणि स्वच्छतागृह तिथंच मिळतं. माडाखाली मात्र गाडी लावू नका, नारळ आणि झावळ्या पडतात. चाकांना दगड लावा. गॅस पेटवताना वाऱ्याकडची खिडकी बंद, दुसरी उघडी ठेवा.

दिवस कसा घालवावा?

सकाळी कुणकेश्वरच्या पुळणीवर तासभर चाला. देऊळ समुद्राला इतकं लागून आहे की चालणं आणि दर्शन एकाच फेरीत होतं. न्याहारीला घावणे किंवा आंबोळी, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. ऊन चढलं की सावलीत या. दुपारी भरती असते, तेव्हा पाण्यात शिरण्यापेक्षा वाचन आणि वामकुक्षी बरी. पोहायचंच असेल तर आधी तिथल्या मच्छीमारांना विचारा.

चारच्या सुमारास देवगडला निघा. बंदरावर होड्या लागल्या असतील तर मासळीचा लिलाव पाहा आणि दोघांपुरते बांगडे किंवा सौंदाळे घ्या. देवगडच्या किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र आहे आणि चढ फारसा नाही, त्यामुळे काठी घेऊन चालणाऱ्यांनाही तो जमतो. इथलं दीपगृह १९१५ सालचं. मावळतीनंतर परतून तिखलं करा आणि वर सोलकढी प्या. वद्य द्वितीया असेल, तर जेवणाच्या सुमारास चंद्र उगवतो.

एवढं पाळा

रापणीचं जाळं ओढणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नका. आंब्याच्या बागा खासगी आहेत, विचारल्याशिवाय आत जाऊ नका. गाडीतलं सांडपाणी ओहोळात सोडू नका; कचरा पिशवीत भरून परत न्या. घरी पोचल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा, खाऱ्या हवेने पत्रा गंजतो.

विजयदुर्ग, देवगड, मालवण एका दिवसात उरकण्याचा घाट घालू नका. एक किनारा आणि ओहोटीच्या दोन वेळा, एवढंच ठरवून निघा. आधी पंचांग उघडा, मग गाडी सांगा.